ताम्हिणीच्या हरवलेल्या नोंदी

मी पहिला कोड लिहिला तेव्हा माझं वय छत्तीस होतं आणि थोरली मुलगी सातवीत होती. त्याआधी मी कंपनीत टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं अ‍ॅप वापरून बघायचं, कुठे अडतं ते लिहून द्यायचं. त्याच्याही आधी नऊ वर्षं घरी होते. आमचं घर मारुंजीत. खाली आम्ही राहतो आणि वरच्या तीन मजल्यांवर भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांतली मुलं सकाळी लॅपटॉपच्या बॅगा पाठीला लावून हिंजवडीकडे निघायची, तेव्हा मी जिना धूत असायचे. पुढे मीही त्यांच्यासारखीच बॅग घेऊन निघायला लागले, तर सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून बी तितंच जाती आता. लई मोटं हापिस हाय." ऑफिस फार मोठं नव्हतं. एका इमारतीचा तिसरा मजला, आणि त्यातलाही अर्धाच.

आम्ही एका संस्थेसाठी अ‍ॅप केलं होतं. त्या संस्थेचा फिरता दवाखाना होता. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि एक सिस्टर पौडहून निघून ताम्हिणीकडच्या वाड्यावस्त्यांवर जायचे. सिस्टर तिथे लोकांचं ब्लडप्रेशर, साखर, गरोदर बायकांचं वजन तपासायच्या आणि टॅबलेटवर नोंद करायच्या. संस्थेचे डॉक्टर पौडच्या केंद्रात बसून त्या नोंदी बघायचे आणि कुणाला बोलवायचं, कुणाचं औषध बदलायचं ते ठरवायचे.

एक दिवस डॉक्टरांची तक्रार आली. काही नोंदी येतच नाहीत, काही तीन-तीनदा येतात. तक्रार माझ्याकडे तपासायला आली. मी ऑफिसच्या वायफायवर तीच नोंद वीस वेळा करून पाहिली. वीसही वेळा नीट पोचली. मग मी उत्तरात लिहिलं, "आमच्याकडे अडचण दिसत नाही. वापरणाऱ्याची चूक असावी." आणि तक्रार बंद केली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. अशा तक्रारी मी आठवड्याला दहा बंद करायचे.

वर्षभराने मी टेस्टिंग सोडून कोड लिहिणाऱ्या टीममध्ये आले, आणि तीच तक्रार परत आली. या वेळी डॉक्टरांचं पत्र लांबलचक होतं. सिस्टरांना दोनदा प्रशिक्षण दिलं, समज दिली, तरी सुधारणा नाही. आता त्यांना गाडीवरून काढून केंद्रात बसवायचा विचार आहे. तत्पूर्वी कंपनीने एकदा माणूस पाठवून बघावं.

आमचा टीम लीड माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. मुलगा हुशार, पण कायम घाईत. तो म्हणाला, "ताई, तुम्ही त्याच भागातल्या ना? जाऊन या. एक दिवसाचं काम आहे."

मी गेले. श्रावण चालू होता. पौडहून गाडी निघाली तेव्हा ऊन होतं. धरणाच्या कडेने पुढे गेलो तसं धुकं उतरलं आणि ड्रायव्हरने दिवे लावले. सिस्टर पन्नाशीच्या. जवळच्याच गावात माहेर, जवळच्याच गावात सासर. मांडीवर टॅबलेट, आणि त्याच्याखाली एक जाडजूड वही.

"वही कशाला?" मी विचारलं.

"मंग काय करू म्याडम? तुमची ही पाटी कवा काय गिळंल त्याचा भरवसा न्हाई."

पहिल्या वस्तीवर देवळाच्या ओसरीत आम्ही बसलो. एका आजोबांची साखर तपासून सिस्टरांनी आकडे भरले, 'जतन करा' दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. मी टॅबलेटच्या कोपऱ्यात पाहिलं, तर रेंज नव्हतीच. एकही काडी नव्हती. मग ही हिरवी खूण कशाची?

पुढच्या गरोदर बाईची नोंद दुसऱ्या स्क्रीनवर होती. तिथे उलटंच झालं. बटण दाबलं तरी पडदा ढिम्म. सिस्टरांनी परत दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. तेवढ्यात कुठूनतरी एक काडी रेंज आली आणि तीनही वेळची नोंद एकदमच गेली.

"बगितलं का?" सिस्टर म्हणाल्या. "हितं असंच हाय. कवा दाबलं तर जात न्हाई, आन कवा एकाचं तीन व्हतंय. डॉक्टर म्हणत्यात तुमी नीट करत न्हाई. कंपनीचं बी लिवून आलंय, चूक वापरणाराची हाय म्हणून. कोण बया बसली हुती तितं कुणास ठाऊक."

मी ओसरीच्या फरशीकडे बघत राहिले. गप्प राहिले असते तर त्यांना कधी कळलंही नसतं. पण ती वही समोर होती. वर्षभराच्या नोंदी बारीक अक्षरात, तारखेसकट, दोनदा काम करून लिहिलेल्या.

"सिस्टर, ते मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा मी इथे येऊन पाहिलं नव्हतं. चूक तुमची नाही, अ‍ॅपची आहे. आज मी डोळ्यांनी पाहिलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील, आणि सुनावले तर ते बरोबरच असेल. पण त्यांनी बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "लिवलंस ते लिवलंस. आता नीट करतीस का न्हाई, तेवडं सांग."

म्याडमवरून त्या एकदम अगं-तुगंवर आल्या होत्या.

"करते," मी म्हणाले. कसं करायचं याचा मला तेव्हा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन मी सगळा कोड उघडला. अ‍ॅपमध्ये एकतीस स्क्रीन होते आणि प्रत्येक स्क्रीन आपापल्या पद्धतीने सर्व्हरशी बोलत होता. तीन वर्षांत सात-आठ जणांनी ते लिहिले होते. कुणी नोंद पाठवायच्या आधीच हिरवी खूण दाखवली होती, म्हणजे अ‍ॅप जलद वाटावं. कुणी चूक आली तर ती गुपचूप गिळून टाकली होती. कुणी बटण दाबल्यावर काहीच दाखवलं नव्हतं. हिंजवडीत हे सगळं चालून जात होतं, कारण हिंजवडीत रेंज जात नाही.

लीड म्हणाला, "ज्या दोन स्क्रीनची तक्रार आहे ते दुरुस्त करू आणि पाठवून देऊ."

"मग उरलेले एकोणतीस?"

"त्यांची तक्रार येईल तेव्हा बघू."

"तक्रार आली की मी ती बंद करते," मी म्हणाले. "एकदा केलीच आहे."

तो हसला नाही. मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. आमच्या अ‍ॅपला एक स्टोअर होतं. अ‍ॅपला या क्षणी जे जे माहीत आहे ते सगळं त्या एका जागी ठेवलेलं असतं, आणि पडदा त्यावरूनच रंगतो. बटण दाबलं की स्टोअरकडे एक संदेश जातो, त्याला आम्ही अ‍ॅक्शन म्हणतो. स्टोअरपर्यंत पोचायच्या आधी तो संदेश वाटेत थांबवून बघता येतो, त्यावर काहीतरी करता येतं आणि मग पुढे सोडता येतो. वाटेतल्या त्या कोडला मिडलवेअर म्हणतात. माझं म्हणणं एवढंच होतं की एकाही स्क्रीनने सर्व्हरशी थेट बोलायचं नाही. स्क्रीनने फक्त सांगायचं, ही नोंद पाठवायची आहे. पाठवणं, वाट बघणं, परत पाठवणं आणि खरंच पोचली का ते सांगणं, हे सगळं मिडलवेअरमध्ये एकाच ठिकाणी. नोंद आधी टॅबलेटवरच ठेवायची, तिला तिथेच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तीच नोंद तीनदा गेली तरी सर्व्हर क्रमांक बघून ओळखेल आणि एकच ठेवेल. आणि हिरवी खूण सर्व्हरने 'मिळाली' म्हटल्यावरच. त्याआधी पिवळी.

टीममधला एक जण म्हणाला, "एवढं सगळं बदलायचं? आणि हे कोण करणार?"

"मी."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी हाताने टेस्टिंग करत वर आलेली, इंजिनिअरिंगची पदवी नसलेली. ते काय विचार करत होते ते मला कळत होतं, कारण मीही तोच करत होते. लीडने घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, "दोन आठवडे, ताई. त्यात झालं तर झालं."

पहाटे पाचला उठून मुलींचे डबे करायचे आणि आठपर्यंत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम करायचं, मग ऑफिस. सिस्टरांना मी रोज दुपारी फोन करायचे. नोंद पिवळी राहिली तर चालेल का, पडद्यावर नेमके काय शब्द हवेत, असं विचारायचे. 'प्रतीक्षेत' हा माझा शब्द त्यांनी एका झटक्यात उडवला. "कोन वाचतंय ते? 'पाठवायच्या नोंदी' असं लिव, आन शेजारी आकडा दे. किती ऱ्हायल्यात ते दिसलं पायजे."

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. "वर घाटात रेंज येती ती घासाएवडीच. तेवड्यात पयली साधी खोकल्याची नोंद जायाची आन पोटुशीचं वाढल्यालं बीपी मागं ऱ्हायाचं, असं नगो. तातडीचं आदी गेलं पायजे."

मी नोंदी आल्या त्या क्रमाने पाठवत होते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी प्रत्येक नोंदीला तातडीची खूण जोडली. खूण असली की ती रांगेत पुढे.

आठवड्याने सगळ्यांसमोर दाखवायचा दिवस आला. मी टॅबलेटचं वायफाय बंद केलं, नोंद केली, जतन करा दाबलं. पिवळी खूण आली. मी मान वर करून हसले. तोवर टॅबलेट तापायला लागला होता. पडदा गोठला, मग काळा झाला. मी चालू केला, तर परत तेच. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "आधीचं बरं होतं." लीड मला एवढंच म्हणाला, "आठवडा उरलाय."

बसमध्ये मी घरी जाईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शेजारच्या बाईला ते दिसू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरं काहीच न करता एक साधी गोष्ट केली. मिडलवेअरमधून जाणारा प्रत्येक संदेश यादीत छापायला लावला आणि एकच नोंद केली. यादी थांबेचना. तोच क्रमांक, तोच क्रमांक, हजारो ओळी. मग दिसलं. नोंद पोचली नाही की मी ती परत पाठवत होते. पण 'पुढे जाऊ दे' असं सांगायच्या जागी मी 'नव्याने सुरुवात कर' असं लिहिलं होतं. म्हणून तो संदेश फिरून माझ्याच मिडलवेअरमध्ये येत होता, रेंज नाही म्हणून पुन्हा अडत होता, आणि मी पुन्हा तो सुरुवातीला ढकलत होते. सेकंदाला शेकडो वेळा. कोडच्या भाषेत, नेक्स्टच्या जागी डिस्पॅच. एक शब्द चुकला होता.

शब्द बदलला. रेंज नसेल तर परत प्रयत्नच करायचा नाही, रेंज आल्याची खबर मिळेपर्यंत स्वस्थ बसायचं, हेही घातलं. वायफाय बंद करून नोंद केली. पिवळी. टॅबलेट थंड. वायफाय चालू केलं. पिवळीची हिरवी झाली. सर्व्हरवर पाहिलं, तर नोंद एकच. मी ओट्यावर एवढ्या जोरात हात आपटला की धाकटी मुलगी धावत आली. "आई, काय फुटलं?"

"काही फुटलं नाही गं. जमलं!"

उरलेल्या दिवसांत एकतीसही स्क्रीन त्या एका वाटेवर आणले. जुना कोड पुसताना जे समाधान मिळालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. साधारण दोन हजार ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी दोनशेदेखील आल्या नाहीत.

आश्विनात आम्ही परत ताम्हिणीला गेलो. भात पिकत आलं होतं, बांध सुकत होते. या वेळी लीडही बरोबर आला. त्याने ताम्हिणी फक्त पावसाळ्यात मित्रांबरोबर भजी खायला पाहिली होती. दुपारपर्यंत तीन वस्त्या झाल्या. रेंज कुठेच नव्हती आणि पडद्यावर आकडा वाढत होता. पाठवायच्या नोंदी: सात. अकरा. अठरा.

शेवटच्या वस्तीवर एक बाई आली. आठवा महिना, पाय सुजलेले. डोकं दुखतंय म्हणाली, पण कालपासून बरं आहे असंही म्हणाली. सिस्टरांनी बीपी घेतलं. पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधला, परत घेतलं. त्यांचा चेहरा बदलला, आवाज मात्र बदलला नाही.

"चल गं बाय, आमच्याबरूबर खाली. डॉक्टरास्नी दाखवू. लुगडं हायेच, दुसरं काय बी घ्याचं न्हाई."

नोंद केली, खाली 'घेऊन येतोय' असं लिहिलं, तातडीची खूण लावली. आकडा एकोणीस झाला. बाईला मागच्या बाकावर कुशीवर झोपवलं, तिची जाऊ बरोबर बसली आणि गाडी निघाली. ड्रायव्हर वळणं सांभाळून घेत होता. मी पुढे टॅबलेट हातात धरून बसले होते. केंद्राला फोन लावून पाहिला, लागला नाही. लीडनेही त्याचा लावला, तोही नाही.

धरणाच्या पाण्याजवळ एका वळणावर कोपऱ्यात एक काडी दिसली. एकोणीसचे अठरा झाले. काडी गेली.

"कुठली गेली?" लीडने मागून विचारलं.

मी यादी उघडली. सर्वांत वर, सर्वांत शेवटी भरलेली नोंद होती. हिरवी. बाकी अठरा पिवळ्या.

"तिची," मी म्हणाले. "तिचीच गेली!"

सिस्टर बाईच्या मनगटावर बोटं ठेवून बसल्या होत्या, पण मला त्यांची मान हललेली आरशात दिसली.

पुढे आणखी वीस-पंचवीस मिनिटं रेंज नव्हती. पौडजवळ आलो तेव्हा केंद्राच्या फाटकात अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, तिचं मागचं दार उघडं होतं आणि डॉक्टर स्वतः बाहेर येऊन थांबले होते. नोंद दिसताच त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खाट सांगून ठेवली होती. द्यायचं इंजेक्शन तयार होतं. बाईला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. माझ्या हातातल्या टॅबलेटवर आकडा उतरत होता. नऊ. चार. शून्य. डॉक्टरांनी आत जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर मोजून पाहिलं. एकोणीस. कुठलीही गहाळ नाही, कुठलीही दोनदा नाही. ते बाहेर आले आणि ड्रायव्हर, लीड, मी, सगळ्यांसमोर सिस्टरांना म्हणाले, "सिस्टर, वर्षभर मी तुम्हाला उगाच बोललो. माझं चुकलं."

सिस्टर ताठ उभ्या होत्या. "व्हय, चुकलं तुमचं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "हिचं बी चुकलं हुतं. पर हिनं नीट केलं." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मला हसूही येत होतं आणि रडूही. लीड शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, आपल्या बाकीच्या अ‍ॅपमध्येही हेच घालायचं. तुम्हीच शिकवायचं सगळ्यांना."

मी शिकवलं. मोठ्या खोलीत वीसेक मुलंमुली, सगळी पदवीवाली, आणि मी फळ्यापुढे. सुरुवातीला मी फळ्याकडेच तोंड करून बोलत होते. मग मी त्यांना ती हजारो ओळींची यादी दाखवली, माझा चुकलेला शब्द दाखवला, आणि विचारलं, "सांगा, टॅबलेट का तापला?" पहिल्या रांगेतून उत्तर यायला सुरुवात झाली, मग मागून, आणि पुढचे दोन तास मला भीती म्हणून वाटली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी सिस्टरांचा फोन आला. मी जागेवरच होते, आजूबाजूला सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले.

"अगं, मुलगी झाली! दोघी बी खणखणीत हायेत. आत्ताच तिच्या जावंचा फोन आलावता."

मी उभी राहिले आणि ओरडले, "मुलगी झाली!"

सगळ्यांनी हेडफोन काढले. कुणाला, कुणाला, म्हणून विचारायला लागले. मला त्या बाईबद्दल फारसं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आपल्या एकोणिसाव्या नोंदीला." ज्यांनी कोड पाहिला होता त्यांना लगेच कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ज्यांना कळलं नाही त्यांनीही वाजवल्या. लीड कसल्याशा मीटिंगमध्ये होता. तो काचेतून बघत राहिला, मग मीटिंग तशीच सोडून बाहेर आला, बातमी ऐकली आणि पेढे आणायला जिन्याने खाली पळाला. लिफ्टसाठी थांबलासुद्धा नाही.